झाडपाल्याचे अमीनसाहेब

रहमतसाहेब नाक्यावर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी खुर्ची मागितली नाही, किल्ल्या मागितल्या नाहीत, माझं नावही विचारलं नाही. घोड्यावरून उतरले आणि बाभळीखाली भारा टेकवून बसलेल्या एका बाईपुढं जाऊन उभे राहिले. भाऱ्यातली एक काडी उपसली, तिच्यावरचं पिवळं फूल हुंगलं, पान बोटांत चुरगाळलं आणि विचारलं, "इसका मसरफ क्या है?"

मसरफ म्हणजे उपयोग. पुढं त्यांच्या हाताखाली असेतोवर हा शब्द मी इतका ऐकला, की माझ्या बायकोनं नवीन भांडं आणलं तरी माझ्या तोंडून पहिल्यांदा तोच निघायचा.

बाईनं आधी साहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "शेरडाला घालायला नेतेय, साहेब."

ही गोदूबाई. येडशीच्या रानातनं पाला, साली, मुळ्या आणून बार्शीच्या बाजारात विकायची. भाऱ्यात होता तरवड, आणि तरवडाला शेरडू तोंड लावत नाही हे आमच्याकडं कुणालाही ठाऊक. पण नवीन साहेब हैदराबाद शहरातले. त्यांना झाड म्हणून मोगरा माहीत होता, तोही मनगटावर गुंडाळलेला.

आमचा नाका येडशीहून बार्शीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, निजामाचा मुलूख संपायचा तिथं होता. पलीकडं इंग्रजांची हद्द. रस्त्यावर एक आडवा बांबू, बाजूला कुडाच्या भिंतींची आणि गवती छपराची एक लांबट खोली, नाक्याचा प्रमुख अमीन, दोन जवान, आणि मी मुहर्रिर, म्हणजे कारकून. मूळचा वाशीकडचा, पण शिकलो उर्दूत, म्हणून ही नोकरी. जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात घ्यायची, एवढंच काम. झाडपाल्याचा नियम कायद्यात कुठंतरी तळाशी होता: चारा आणि जळण यांना माफी, औषधी, रंग आणि कातडं कमवायचा माल यांना महसूल. आधीच्या अमिनांनी तो वाचलाही नसावा. कापड, साखर, तंबाखू यांतच त्यांचा दिवस जायचा, आणि पाल्याचे भारे बांबूखालून वाकून निघून जायचे.

रहमतसाहेबांनी तो नियम वाचला होता. मी म्हणालो, पाल्याला इथं कुणी विचारत नाही. त्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी म्हणालो की इथं कुणी नमाजच पढत नाही.

त्या दिवशी रस्त्यावर अजून माणसं होती. उमरग्याकडचा मलकाप्पा नावाचा लिंगायत व्यापारी तरवडाच्या सालीची गाडी घेऊन उभा होता. त्यानं सरळ सांगितलं, साल चांभार-ढोरांना जाते, कातडं कमवायला. एक म्हातारा म्हणाला, तरवडाच्या काडीनं दात घासतात. आणखी एक बाई म्हणाली, फुलं वाळवून चहासारखी उकळून पितात, लघवीतली साखर उतरते. साहेब ऐकत गेले आणि हळूहळू घामाघूम झाले. कारण झाड एक, आणि उपयोग चार. साल कातड्याची, काडी दाताची, फूल औषधाचं, आणि गोदूबाईच्या म्हणण्याप्रमाणं सगळंच शेरडाचं. कुठला दर लावायचा?

त्यांनी घोड्याच्या पाठीवरची चादर काढून रस्त्यात अंथरली आणि स्वतः मांडी घालून भारा सोडला. साल एकीकडं, काड्या एकीकडं, फुलं एकीकडं. शेरवानीची गळ्यापर्यंतची बटणं तशीच लावलेली. येणारे-जाणारे आधी बघत राहिले, मग खोळंबून कंटाळले आणि स्वतःच निवडायला बसले. दुपार टळली. तीन ढीग झाले आणि उरली नुसती पानं. साहेबांनी पानांचा मसरफ विचारला. गोदूबाई म्हणाली, "पानं गळून पडत्यात, साहेब. त्यांचं काम पडायचंच."

साहेबांनी बराच विचार केला आणि पानं माफ केली. मग त्यांनी माझं नाव विचारलं, पण आयुष्यभर हाक मात्र 'मुन्शीजी' अशीच मारली.

माणूस उंच, सडपातळ, किंचित पुढं झुकलेला, म्हणजे उभे राहिले तरी काहीतरी खाली पडलेलं शोधताहेत असं वाटायचं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, हैदराबादला एक बहीण. बोलताना त्यांची एक गंमत होती. माणसांना ते 'तुम' म्हणायचे आणि झाडांना 'आप'. निर्गुडीच्या जाळीपुढं उभे राहून, "आप किस काम के हैं?" असं अदबीनं विचारताना मी त्यांना कितीदा पाहिलं. हातात धरलेल्या पाल्याला थुंकीचा शिंतोडा उडू नये म्हणून ते तोंडावर रुमाल धरायचे, आणि तोच रुमाल बाजूला करून मलकाप्पावर ओरडायचे.

त्यांची अडचण अशी की कायद्याप्रमाणं ज्याचा माल त्याची साक्ष चालत नाही. मग उपयोग ठरवायचा कुणी? त्यांनी ठरवलं, स्वतः. औषध असेल तर घेऊन बघायचं, रंग असेल तर लावून बघायचं. त्यांनी माका लावला, दाढी काळीभोर झाली, तेव्हा माका रंगात गेला. हिंगणबेटाच्या फळांचा गर काढून शेरवानी धुतली, ती खरोखर स्वच्छ निघाली, तेव्हा हिंगणबेट साबणात गेलं, आणि साबणाला दर कोणता यावर त्यांची रात्रीची झोप गेली. गुळवेलीचा काढा पिऊन चार वेळा भिंतीला डोकं टेकलं आणि मला म्हणाले, "लिखो, दवा. इतना कड़वा चारा नहीं हो सकता." दगडीपाल्यानं रक्त थांबतं असं कुणीतरी म्हणालं, तर चाकूनं अंगठा कापून घेतला. पाला लावला, रक्त थांबलं. साहेबांना इतका आनंद झाला की दुसराही अंगठा पुढं केला; मीच चाकू काढून घेतला.

बिब्ब्याचं मात्र मी आधी सांगितलं होतं. बिबे घेऊन एक माणूस आला, त्यानं सांगितलं की धोबी कपड्यावर खूण करायला वापरतात आणि भेगाळलेल्या टाचेलाही लावतात. म्हणजे रंगही आणि औषधही. साहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा मला वाटलं आत भलताच कुणी माणूस शिरलाय. बिबा उतला होता. डोळे मिटलेले, ओठ बाहेर आलेले, दोन्ही कान सुपाएवढे. त्याही अवस्थेत ते खुर्चीवर बसले आणि मालाची गाडी समोर आली की विचारायचे, "इसका मसरफ?" गाडीवाले उत्तर न देता बैल वळवायचे.

गोदूबाईनं त्यांना बघितलं आणि भारा तिथंच टाकला. कुठूनसं खोबरं आणि तीळ आणले, दगडावर वाटले आणि त्यांच्या तोंडाला लेप लावत बसली. मला म्हणाली, ह्या माणसाला सांगायला हिथं कुणीच न्हाय का? मी म्हणालो, मी सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुमी सांगितलं न्हाय. तुमी नुसतं बोललाव."

साहेब लेपाखालून क्षीण आवाजात विचारत होते, की तीळ-खोबरं हे खाणं समजायचं की औषध.

तरीही त्यांची चव घ्यायची सवय सुटली नव्हती. ती सुटली बेडकीच्या पाल्यानं. हा वेल आहे. त्याचं पान चावलं की जिभेला गोड कळेनासं होतं, थोडा वेळच. साहेबांनी कुणाच्या तरी भाऱ्यातलं पान चावलं, काही कडू लागलं नाही, गोड लागलं नाही, म्हणून चारा लिहायला सांगितलं. एवढ्यात बार्शीकडून मलकाप्पाची गाडी आली, गुळाच्या ढेपांनी भरलेली. साहेबांनी कायद्याप्रमाणं एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ घोळवला. मग मलकाप्पाकडं असं पाहिलं, की या बिचाऱ्याला कुणी फसवलंय हे त्याला कसं सांगावं.

"मलकाप्पा," ते म्हणाले, "ये मिट्टी है."

मलकाप्पा घाबरला, मग त्याच्या नजरेस साहेबांच्या हातातलं पान पडलं. त्याचा चेहरा शांत झाला. तो म्हणाला, व्हय साहेब, आमच्या नशिबी मातीच आली. मातीला महसूल नव्हता. बांबू वर गेला. गाडी दिसेनाशी झाली, आणि काही वेळानं साहेब चहाचा घोट घेताना एकदम थांबले. चहा गोड लागला होता. ते उठले, रस्त्यावर गेले, लांबवर पाहत उभे राहिले. परत येऊन इतकंच म्हणाले, की आजपासून अमिनाची जबान साक्षीला चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी मलकाप्पा परत आला आणि त्यानं साहेबांना भेट म्हणून बेडकीच्या पानांची मोठी जुडी दिली.

अशी शेळी आली. गोदूबाईची पहिल्या दिवसापासूनची साक्ष साहेबांच्या डोक्यात होती. जो तो शेरडाचं खाणं म्हणतो, तर शेरडालाच विचारावं. जिचा मालात कसलाही वाटा नाही असा साक्षीदार दुसरा कोण? शेळी गोदूबाईनंच दिली, पांढरी, एका कानाला काळी. साहेबांनी तिला नाक्याच्या दाराशी बांधली. माल आला की तिच्यापुढं धरायचा. खाल्ला तर चारा, महसूल माफ. तोंड फिरवलं तर महसूल.

सुरुवातीला हे फार छान चाललं. अडुळसा धरला, तिनं नाक मुरडलं. तरवड धरला, पाठ फिरवली. साहेब गोदूबाईकडं बघून हसले, आणि ती चारा म्हणून नेत असलेल्या तरवडाला पहिल्यांदाच पानांसकट महसूल लागला. पण रस्त्यावरची माणसं हुशार. सकाळी शेळी उपाशी असते हे त्यांच्या लक्षात आलं. मग पहाटेपासून बांबूपाशी रांग. सकाळची शेळी काहीही खायची. हिरड्याची फळं, निर्गुडी, सुंभ, एकदा तर दोरीसकट भारा. दुपारी तिचं पोट भरलं की कोवळ्या बाभळीच्या शेंगांनाही ती हुंगून सोडून द्यायची, आणि दुपारचे लोक भांडायचे की आमच्यावरच अन्याय का. मलकाप्पा तर एक दिवस साहेबांना म्हणाला, शेळीला दोन वेळा जेवायला घाला, नाहीतर दोन शेळ्या ठेवा, कायदा सगळ्यांना सारखा पाहिजे. साहेबांना ते पटलं. त्यांनी ठरवलं, शेळीला सकाळी आधी पाव पोट चारायचं. मग पाव पोट म्हणजे किती, यावर जवानांत आणि रांगेत तंटे.

हे वर पोचायला वेळ लागला नाही. करोडगिरीचे वरचे अधिकारी, मोहतमीमसाहेब, तपासणीला आले. जाड, गोरे, तोंडात सतत पान. बार्शीहूनच येत होते, आणि येताना तिथली चांगली पानं टोपलीभर घेऊन. रहमतसाहेबांनी सलाम केला, खुर्ची दिली आणि मग टोपलीकडं बघून विचारलं, "हुजूर, इसका मसरफ?"

मोहतमीमसाहेबांना वाटलं थट्टा आहे. तोवर टोपली शेळीपुढं गेली होती. सकाळची वेळ. शेळीनं पानं अशी खाल्ली, की जसं तिला इतके दिवस हेच हवं होतं.

रहमतसाहेब अदबीनं म्हणाले, की हुजूरचा माल चारा ठरतो. माफ आहे. हुजूर जाऊ शकतात.

मोहतमीमसाहेब उभे राहिले. लाल झाले. त्यांच्या वडिलांपासून घरात हे पान होतं, लखनौहून आलेल्या पाहुण्यांनी त्याची तारीफ केली होती, आणि त्याला चारा म्हणायचं? ते म्हणाले, हा चारा नाही. महसूल घ्या. रहमतसाहेब म्हणाले, घेता येत नाही, साक्ष झाली. मोहतमीमसाहेब म्हणाले, मी हुकूम देतो, घ्या. शेवटी निजामाच्या करोडगिरीच्या इतिहासात पहिल्यांदाच असेल, की एक माणूस माफी नाकारून जबरदस्तीनं जकात भरून गेला. जाताना शेळी हटवायला तोंडी सांगून गेले. रहमतसाहेबांनी लेखी हुकूम मागितला. तो कधी आला नाही. शेळी हटवावी असं लिहायचं तर शेळी होती हे आधी लिहावं लागलं असतं.

मग दिवस बदलले. इंग्रज गेले, पण निजाम हिंदुस्थानात सामील होईना. रझाकारांचा जोर वाढला. पलीकडच्या हद्दीत निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्वयंसेवकांच्या छावण्या पडल्या, आणि सरहद्दीवरचे नाके जळायला लागले. रझाकारांचा एक जथा आमच्याकडं आला, नाक्यात मुक्काम करू म्हणाला. रहमतसाहेबांनी त्यांच्या लाठ्या तपासायला घेतल्या, वेळूच्या की भरीव बांबूच्या, आणि त्या पलीकडून आल्या असतील तर महसूल किती. त्यांच्या म्होरक्यानं त्यांना मुसलमान असल्याची आठवण करून दिली. साहेब म्हणाले, हो, पण नाक्यावर मी अमीन आहे. जथा शिव्या देत पुढं गेला. जवान म्हणाले, साहेब, आता हे पण आपले नाहीत आणि ते पण नाहीत. ते दोघंही त्याच आठवड्यात पळाले.

स्वयंसेवक आले ते भरदुपारी. तीन दिवस झड लागून नुकतीच उघडली होती. वीस-पंचवीस पोरं, हातात काठ्या, दोघांकडं बंदुका, आणि डोक्यावर लाकडांच्या मोळ्या. पुढारी बार्शीचा चष्मेवाला तरणा. त्यांच्यात गोदूबाईचा थोरला सोपान होता. तोच पुढं आला. मान खाली घालून म्हणाला, "साहेब, भाईर या. आमाला नाका जाळायचाय."

मी बाहेर आलो. साहेबही बाहेर आले, पण त्यांचं लक्ष बंदुकांकडं नव्हतं, मोळ्यांकडं होतं. त्यांनी एक लाकूड हातात घेतलं, नखानं टोकरलं. विचारलं, कशासाठी आणलंय? चष्मेवाला म्हणाला, जाळायला. साहेबांनी मान हलवली. म्हणाले, हा पांगारा आहे. हलका, पोकळ. याची खेळणी करतात, म्यानं करतात. हा जळणात येत नाही, म्हणून माफीतही येत नाही.

चष्मेवाल्यानं बंदूक वर केली. सोपान मधे आला. त्याला साहेब माहीत होते. त्यानं हळूच समजावलं की साहेब तसं म्हणत नाहीत, ते तसेच आहेत. साहेब तोवर दुसऱ्या गोष्टीवर गेले होते. नाका सरकारचा आहे, तो जाळायचा की नाही हा सरकारचा आणि तुमचा प्रश्न. पण आत महसुलापायी अडकवून ठेवलेले भारे लोकांचे आहेत. ते बाहेर काढल्याशिवाय आग लावता येणार नाही.

आता सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा कुणीच हसलं नाही. क्रांती करायला आलेली ती पोरं ओळ लावून आत गेली आणि एकेक भारा बाहेर आणू लागली. साहेब दाराशी उभे राहून सांगत होते, हा अमक्याचा, हा तमक्याचा, ही पोटली फुलांची आहे, दाबू नका. शेळीही बाहेर आली, आणि सोपाननं ती आपल्या आईकडं पाठवून दिली. मग पोरांनी पांगारा रचला आणि पेटवला. ओलं छप्पर, पोकळ लाकूड. धूर झाला, खोकला झाला, आग झाली नाही. पुन्हा पेटवलं, पुन्हा धूर. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी चष्मेवाला चष्मा पुसत साहेबांपुढं आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मग काय आणू?"

मला वाटलं आता साहेब गप्प बसतील. त्यांच्या पगाराचा, इमानाचा, सगळ्या जन्माचा प्रश्न होता. ते नाक्याकडं बघत राहिले, मग पोरांकडं. नाक्यावर कुणी मसरफ विचारला आणि त्यांनी तो सांगितला नाही, असं कधी झालं नव्हतं.

"हिवर," ते म्हणाले. "नाले के उस पार सूखा पड़ा है."

पोरं गेली. आम्ही दोघं वाट बघत बसलो. पळून जायला भरपूर वेळ होता, मी तसं सुचवलंही. साहेब म्हणाले, भारे उघड्यावर आहेत. हिवर आला, पेटला, आणि नाका तासाभरात बसला. आगीची धग लागेल इतक्या जवळ उभे राहून साहेब बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण धुरानं की कशानं, मी विचारलं नाही.

मोहतमीमसाहेबांनी खुलासा मागितला. रहमतसाहेबांनी घडलं ते सगळं सांगितलं, हिवरासकट. त्यांना बडतर्फ करायचं ठरलं, पण हुकूम निघेपर्यंत कामावर राहायचं होतं. म्हणून ते जळक्या जागेशेजारी बाभळीखाली खाट टाकून बसू लागले. बांबू जळला होता, मग रस्त्यात स्वतः उभे राहायचे.

एके दिवशी सकाळी बार्शीकडून मिलिटरीच्या गाड्या आल्या. हैदराबादवर पोलीस ॲक्शन सुरू झाली होती, पण आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. मोठमोठ्या गाड्या, आणि वर टपापासून चाकापर्यंत झाडांच्या फांद्या बांधलेल्या. लिंबाच्या, बाभळीच्या, करंजाच्या. साहेबांनी दुरून पाहिलं आणि ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मी त्यांची बाही धरली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि हात वर केला.

पहिली गाडी थांबली. पगडीवाला एक सरदार खाली वाकला. त्याला येडशीचा रस्ता विचारायचा होता. साहेबांनी रस्ता सांगितला. मग फांद्यांकडं बोट करून आपला प्रश्न विचारला. सरदारानं त्यांच्याकडं, त्यांच्या बटणं लावलेल्या शेरवानीकडं, काळ्या राखेकडं पाहिलं, आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "छुपने के लिए."

साहेब विचारात पडले. मागं गाड्यांची लांबच लांब रांग खोळंबली होती, इंजिनं घरघरत होती. ते माझ्याकडं वळले. "मुन्शीजी, छुपने का मसरफ कानून में नहीं है."

मग त्यांनी हात खाली केला आणि बाजूला झाले.

त्यानंतरचे दिवस मी फारसे सांगत नाही. रझाकार पळाले, आणि त्यांच्यावरचा राग गावोगाव जे मुसलमान भेटतील त्यांच्यावर निघाला. साहेबांना मी माझ्या खोलीत ठेवलं होतं, पण लोकांना ते ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी गोदूबाई मलकाप्पाची गाडी आणि मलकाप्पा, दोघांनाही घेऊन आली. गाडी तरवडानं भरली होती, फुलासकट. मलकाप्पा कुरकुरत होता की बैल दमलेत, पण आला होता. साहेबांना खाली झोपवलं, वर भारे रचले. मी गाडीमागं चालत होतो.

जळक्या नाक्यापाशीच दहा-बारा माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन उभी होती. गाडी अडवली. गाडीत काय आहे, कशाला नेताय, असं त्यांनी विचारलं. गोदूबाईला इतक्या वर्षांची सवय. तिच्या तोंडून निघून गेलं, शेरडाला न्यायलाव.

एक माणूस पुढं झाला. "तरवड कवापास्नं खायला लागली शेरडं?"

त्या माणसानं कुऱ्हाडीचा दांडा भाऱ्यात खुपसला. मलकाप्पानं त्याचा हात धरला आणि चिडून म्हणाला, की माल माझा आहे, ढोरांना जातो, कातड्याला. बाईला मजुरीनं आणलंय, तिला काय कळतं. साल खरवडली तर माल वाया जाईल. तो इतका खरा व्यापाऱ्यासारखा चिडला होता, की माणसं बाजूला झाली.

बार्शीच्या अलीकडं ओढ्यात साहेबांना बाहेर काढलं. केसांत, दाढीत, कानात पिवळ्या पाकळ्या. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि गोदूबाईला पहिल्यांदाच 'आपा', म्हणजे थोरली बहीण, म्हटलं. "आपा, आज तो सच बोलना था."

तिनं तोंडाला पदर लावला. हसली की रडली, मला कळलं नाही.

ओढ्याकाठी मलकाप्पानं त्यांची दाढी केली आणि आपलं जुनं धोतर दिलं. ते त्यांना नेसता येईना, शेवटी गोदूबाईनंच डोळे दुसरीकडं करून ते खोचलं. बार्शीच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून बहिणीकडं हैदराबाद, असं ठरलं. अडचण एकच होती. तोंड उघडलं की ते हैदराबादचे आहेत हे कुणालाही कळलं असतं. गोदूबाईनं त्यांना बजावलं, बोलायचं न्हाय. डब्यातल्या माणसांना तिनंच सांगितलं, "माझा भाऊ हाय. मुका हाय जन्माचा. जरा सांभाळून न्या." माणसांनी सरकून जागा दिली. एका म्हातारीनं त्यांच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला.

समोरच्या बाकावर एक गडी बसला होता. त्याच्या मांडीवर गाठोडं होतं, आणि गाठोड्यातून कसल्याशा मुळ्या बाहेर डोकावत होत्या. मी रान ओळखणारा नाही, पण अशा मुळ्या मीही कधी पाहिल्या नव्हत्या; जांभळट, बोटासारख्या वळलेल्या. तो गडी सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं सांगत होता, की ही मुळी घरात ठेवली तर साप येत नाही, उगाळली तर टक्कल जातं, आणि बाळंतिणीच्या उशाखाली ठेवली तर मुलगाच होतो. लोक माना डोलवत होते.

साहेब खिडकीशी ताठ बसले होते. त्यांची नजर त्या गाठोड्यावर खिळली होती. ओठ घट्ट मिटलेले. गाडीनं शिटी दिली. त्यांनी आमच्याकडं मान वळवली, आणि त्या चेहऱ्यावर एवढी काकुळती होती की मी दुसरीकडं पाहिलं. एकच प्रश्न, एकदाच, एवढंच ते डोळे मागत होते.

गोदूबाईनं फलाटावरून हळूच मान हलवली. न्हाय.

गाडी हलली. त्या गड्यानं एक मुळी उपसून सरळ साहेबांच्या हातात दिली आणि काहीतरी विचारलं. बहुधा, ओळखता का म्हणून. साहेब ती मुळी हातात धरून तिच्याकडं बघत राहिले, मुकाट, आणि गाडी वळणामागं गेली.